पोलादावर ठोकलेलं वय

जुन्या रिव्हॉल्व्हरवर एखादं साल ठोकलेलं दिसलं, की तेच त्याचं जन्मसाल असं बहुतेक जण धरून चालतात. अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीचं १८७३ साली आलेलं ‘सिंगल अॅक्शन आर्मी’ हे रिव्हॉल्व्हर पाहा. त्याच्या सांगाड्याच्या डाव्या अंगाला १८७१, १८७२ आणि १८७५ ही सालं असतात. ती पेटंटची सालं आहेत, आणि विसाव्या शतकात तयार झालेल्या नगांवरही ती तशीच सापडतात. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीनं लष्करी अधिकाऱ्यांना आणि नेमबाजांना विकलेल्या ‘डब्ल्यू. जी.’ रिव्हॉल्व्हरांपैकी काहींवर १८९२ किंवा १८९६ असा आकडा असतो. तो नमुन्याचा आहे. नमुना १८९६ चा आणि नग त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेला, असं सहज घडू शकतं. घरात वारशानं आलेलं हत्यार ‘पणजोबांच्या काळातलं’ आहे की आजोबांच्या, हे ठरवायला एक आकडा पुरत नाही.

वय ठरवायचं तर हत्यारावरच्या सगळ्या खुणा एकत्र वाचाव्या लागतात: कारखान्याचं नाव, मॉडेल, नगाचा क्रमांक, तपासनिसांचे ठसे, दुकानदाराचं नाव, दुरुस्तीच्या निशाण्या, स्क्रूंची डोकी, पृष्ठभागाचा रंग. आणि यातलं जवळजवळ सगळं हत्याराच्या वरच्या कातडीवर असतं. म्हणून जुन्या रिव्हॉल्व्हरचं वय शोधणं आणि त्याची निगा राखणं ही मला दोन वेगळी कामं वाटत नाहीत. चकचकीत करण्याच्या हौसेपोटी जो थर घासून काढला जातो, त्याच थरात त्याचा इतिहास असतो. दुर्दैवानं आपल्याकडे जुन्या शस्त्रांची हानी गंजानं जितकी केली, तितकीच पॉलिश पेपरनंही केली आहे.

उदाहरण म्हणून वेब्लीच घेऊ, कारण हिंदुस्थानात ब्रिटिश आणि हिंदी लष्करातल्या अधिकाऱ्यांच्या कमरेला ही रिव्हॉल्व्हरं असत, आणि कानपूरला बनणारं आजचं .३२ बोअरचं सरकारी रिव्हॉल्व्हरही वेब्लीच्याच घडणीवर बेतलेलं आहे. ब्रिटिश सरकारनं वेब्लीचं पहिलं मॉडेल, मार्क १, १८८७ साली स्वीकारलं. १८९४ ला मार्क २, १८९७ ला मार्क ३, १८९९ ला मार्क ४, १९१३ ला मार्क ५ आणि मे १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, मार्क ६ अशी ही मालिका आहे. सगळ्यांचं काडतूस .४५५ इंचाचं, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर व्यासाच्या गोळीचं. रचनाही एकच: डाव्या बाजूचा खटका अंगठ्यानं दाबला की नळी सिलिंडरसह पुढे खाली झुकते आणि मधली चांदणीसारखी पट्टी वर येऊन सहाही रिकाम्या पुंगळ्या बाहेर फेकते. खटका नीट बसला नसेल तर घोडा काडतुसापर्यंत पोहोचतच नाही. घोड्यावर स्वार झालेल्या किंवा खंदकातल्या चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असं हत्यार द्यायचं, तर ही काळजी मोलाची होती.

आधीच्या मॉडेलांची मूठ खाली निमुळती होत पक्ष्याच्या डोक्यासारखी वळते आणि नळी सहसा चार इंची असते. मार्क ६ ची मूठ चौकोनी, भरीव, आणि नळी सहा इंची. एवढं लक्षात ठेवलं तरी लांबूनच निम्मं काम होतं. पण केवळ घडणीवर विसंबू नये. मार्क १ ची रिव्हॉल्व्हरं दुरुस्तीला परत आली की त्यांना मार्क २ मधली घोड्यासमोरची बदलता येणारी पोलादी पट्टी बसवत आणि मॉडेलच्या आकड्यापुढे एक तारा ठोकत. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातलं नं. २ रिव्हॉल्व्हर १९३२ साली सेवेत आलं. घोडा अंगठ्यानं मागे ओढण्यासाठी असलेला त्याचा शेंडा १९३८ च्या आवृत्तीत काढून टाकला, आणि जुनी रिव्हॉल्व्हरं दुरुस्तीला आली की त्यांचेही घोडे बदलले. त्यामुळे १९३४ सालच्या नगावर १९३८ चा घोडा दिसला तर ते बनावट आहे असं समजायचं कारण नाही. कारखान्याच्या दुरुस्तीखात्यानं आपलं काम केलं, इतकंच.

आता एक मार्क ६ उजेडात धरून, भिंग घेऊन नीट पाहू. सांगाड्याच्या डाव्या अंगाला चार ओळी आहेत: वेब्ली, मार्क ६, पेटंट्स, आणि त्याखाली १९१७. इथे मात्र साल खरंच बांधणीचं आहे. युद्धकाळातल्या या नगांवर सरकारनं साल ठोकून घेतलं, म्हणून मार्क ६ चं वय काढणं इतर वेब्लींपेक्षा सोपं जातं. जवळच रुंद टोकाचा बाण आहे, तो ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा. छोटे छोटे मुकुट आणि त्याखालची अक्षरं तपासनिसांची. नगाचा क्रमांक सांगाड्यावर आहे आणि सिलिंडरवरही. दोन्ही क्रमांक जुळले तर हे दोन भाग कारखान्यातून एकत्रच बाहेर पडले. जुळले नाहीत, तर मधे कधीतरी सिलिंडर बदललं गेलं.

अजून थोडं पुढे गेलं की एक वेगळाच ठसा दिसतो: मुकुट, त्याखाली बी. एन. पी. ही अक्षरं, बोअरचा आकडा आणि शेजारी दाबाचा आकडा ‘७ टन्स’. हा ठसा १९१७ चा असूच शकत नाही. बी. एन. पी. हा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा १९५० च्या दशकातल्या नियमांनंतरचा शिक्का आहे. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार भरून हत्यार उडवून पाहायचं, फुटलं नाही तर शिक्का मारायचा, हे त्या संस्थेचं काम. बर्मिंगहॅममध्ये ती १८१३ च्या कायद्यानं सुरू झाली. लष्करासाठी बनलेल्या हत्याराची तपासणी सरकारचीच माणसं करत, म्हणून खासगी बाजारात विकताना ते पुन्हा प्रूफ हाउसमधून काढावं लागे. म्हणजे आपल्या हातातलं हे रिव्हॉल्व्हर महायुद्धात जन्मलं, सरकारी सेवेत राहिलं आणि चार दशकांनंतर सामान्य गिऱ्हाइकासाठी बाजारात आलं. टोकाला टोक लावलेले दोन बाण कुठे सापडले तर तीच गोष्ट पक्की होते, कारण ती सेवेतून काढून विकल्याची खूण आहे. एवढी कथा बोटभर पोलादावर आहे.

प्रूफ हाउसचे ठसे सालं नसलेल्या हत्यारांच्या बाबतीत फार उपयोगी पडतात. बर्मिंगहॅमचा जुना ठसा म्हणजे एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड आणि वर मुकुट. १९०४ मध्ये नियम बदलले आणि मुकुटाखाली बी. पी., बी. व्ही. आणि धूररहित दारूसाठी एन. पी. अशी अक्षरं आली. कंपनीच्या नावाचंही तसंच. पी. वेब्ली अँड सन ही कंपनी १८९७ मध्ये दुसऱ्या दोन बंदूक कंपन्यांबरोबर एक झाली आणि वेब्ली अँड स्कॉट हे नाव रूढ झालं. पंख फुटलेल्या गोळीचं तिचं बोधचिन्ह विलीनीकरणाच्या आधी नुसतंच असे, नंतर त्यात डब्ल्यू आणि एस ही अक्षरं आली. नाव, बोधचिन्ह आणि प्रूफचा ठसा अशा तीन गोष्टी एकावर एक ठेवल्या की सालांची पट्टी आपोआप अरुंद होत जाते.

नळीवर किंवा वरच्या पट्टीवर कधी दुकानाचं नाव असतं. त्यातलं एक मुंबईकरांच्या ओळखीचं आहे. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीनं १८९१ साली मुंबईत आपली शाखा उघडली. काळा घोडा भागातली आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग अजून उभी आहे. हिंदुस्थानात नोकरीला येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला तंबूपासून बंदुकीपर्यंत सगळं अशा दुकानांतून मिळे, आणि त्या काळी अधिकाऱ्यांना आपलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशानं घ्यावं लागे. या सोसायटीचं नाव कोरलेली वेब्ली रिव्हॉल्व्हरं म्हणूनच आढळतात. काडतुसंही कधीकधी बोलतात. पुंगळीच्या बुडावर के. एफ. अशी अक्षरं असतील तर ते काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं. हा कारखाना १८६९ पासूनचा आहे. मात्र जुन्या हत्याराबरोबर अशी काडतुसं सापडली तर ती हाताळत बसू नयेत. परवान्याशिवाय ती जवळ ठेवणं हाही गुन्हा आहे.

क्रमांकाचं मोल काय असतं याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही: भगतसिंगांचं पिस्तूल. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये पोलीस अधिकारी साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात खेडचे शिवराम हरी राजगुरू भगतसिंगांच्या सोबत होते. भगतसिंगांचं .३२ बोअरचं कोल्ट स्वयंचलित पिस्तूल खटल्यानंतर सरकारी कोठारात गेलं, पंजाबात फिल्लौरच्या पोलीस अकादमीत राहिलं आणि तिथून इतर शस्त्रांबरोबर सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्रात पोहोचलं. कित्येक वर्षं ते तिथल्या संग्रहालयात एक जुनं पिस्तूल म्हणून पडून होतं. गंज लागू नये म्हणून त्यावर काळा रंग फासलेला होता. शोध सुरू झाला तेव्हा कागदपत्रांतला क्रमांक हाताशी होता, १६८८९६. रंग खरवडला आणि खाली तोच क्रमांक निघाला. २०१७ मध्ये ते हुसैनीवाला इथे नेऊन प्रदर्शनात ठेवलं. रंगानं पोलाद वाचवलं, पण ओळख झाकली. तोच पृष्ठभाग कोणी रंग लावण्याआधी कानशीनं गुळगुळीत केला असता, तर रंग खरवडूनही हाती काही लागलं नसतं. राजगुरूंच्या सोबत्याचं शस्त्र आपण ओळखू शकलो ते सहा आकड्यांमुळे.

म्हणूनच कायद्यानंही क्रमांकाला हात लावू दिलेला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या आठव्या कलमानुसार बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. खूण पुसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानंच ती पुसली, असं उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरलं जातं. ‘अहो, आजोबांच्या वेळचं आहे, आता चालतंय कुठे’ या भरवशावर अनेक घरांत जुनी रिव्हॉल्व्हरं कपाटात असतात. कायद्याची सूट मात्र फार अरुंद आहे. जुन्या पद्धतीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार परवान्यातून सुटतं, पण दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशी त्याची अवस्था असेल तरच. बहुतेक वेब्ली त्यात बसत नाहीत, कारण ती शंभर वर्षांनंतरही चालतात. शिवाय .४५५ आणि .३८० ची काडतुसं ज्यात बसतात ती रिव्हॉल्व्हरं प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात आणि त्यांना केंद्र सरकारची खास परवानगी लागते. नागरी परवान्यावरच्या रिव्हॉल्व्हरांत .३२ चं नाव सर्रास ऐकू येतं ते यामुळेच. परवानाधारक वारला तर वारसांनी हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाहक्काच्या परवान्याचा अर्ज करावा. जमा करताना क्रमांक, बोअर आणि ठसे यांचे फोटो काढून ठेवावेत. वर्षानुवर्षं मालखान्यात पडलेलं हत्यार परत घेताना ते आपलंच आहे हे त्यावरून सांगता येतं.

आता निगा. सुरुवात रिव्हॉल्व्हर उघडून सहाही कप्पे डोळ्यांनी पाहण्यापासून होते, आधी कितीही वेळा पाहिलेले असोत. एखादं काडतूस अडकलं असेल तर ठोकाठोकी करू नये, जाणत्या बंदूकवाल्याकडे न्यावं.

पोलादावर जो निळसर काळा रंग दिसतो तो रंग नसतो. ते लोखंडाचंच काळं ऑक्साइड आहे, उष्णतेनं आणि रसायनांनी मुद्दाम आणलेलं. थर अतिशय पातळ असतो आणि सच्छिद्रही, म्हणून त्याला तेलाची साथ लागते. याच्या उलट तांबडा गंज. तो ओल्या हवेत वाढतो, मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो आणि खपलीसारखा निघतो, आणि खाली नवा धातू उघडा पडला की पुन्हा गंज धरतो. या दोहोंच्या मधे एक तपकिरी छटा असते, वर्षानुवर्षांच्या हातांनी आणि हवेनं आलेली. ती स्थिर असते, पुढे पसरत नाही. संग्राहक तिला जपतात, आणि योग्यच करतात. काढायचा तो फक्त जिवंत तांबडा गंज. खनिज तेलाचे थेंब टाकून रात्रभर ठेवावं, सकाळी मऊ कापडानं किंवा कापसाच्या बोळ्यानं हलकेच पुसावं, बोळा तांबडा आला की बदलावा. दोन-चार दिवस हे करत राहिलं की बोळा स्वच्छ येऊ लागतो आणि खालचा काळा थर शाबूत राहतो. पॉलिश पेपर, मशीनवरचं बफ आणि गंज काढायची आम्लं यांना जुन्या हत्याराजवळ फिरकू देऊ नये.

घासलेलं हत्यार अनुभवी डोळ्याला लगेच कळतं. ठसा मारताना धातू बाजूला सरकतो आणि अक्षराच्या कडेला किंचित उंचवटा उठतो, बोटाच्या टोकाला जाणवेल इतका. पॉलिशनं पहिल्यांदा तोच जातो. मग अक्षरांचे कोपरे गोलावतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, आणि जुन्या गंजाचे खड्डे नव्या काळ्या रंगाखाली तसेच दिसत राहतात. असं ‘नवं’ केलेलं रिव्हॉल्व्हर बाजारात मूळ अवस्थेतल्या रिव्हॉल्व्हरपेक्षा बरंच कमी किमतीला जातं. पैशांपेक्षा मला हळहळ वाटते ती ठशांची. एक मुकुट घासला गेला की १९०४ च्या आधीचं की नंतरचं हा प्रश्न कायमचा लोंबकळत राहतो.

नळीच्या आत मात्र तेल एकटं पुरत नाही. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. ते नळीच्या आट्यांत बसतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. तेलात ते विरघळत नाही, उलट तेलाखाली सुरक्षित बसून धातू खातं. म्हणून ब्रिटिश फौजेत गोळीबारानंतर नळीतून उकळतं पाणी ओतण्याची शिस्त होती. मीठ पाण्यात जातं, गरम पोलाद चटकन सुकतं, आणि मग तेल. आज अशा नळीत डोकावलं आणि आट्यांवर बारीक काळे खड्डे दिसले, तर कोणीतरी कधीतरी हे पाणी ओतायला विसरलं होतं. ते खड्डे भरून येत नाहीत, त्यांना तसंच राहू द्यावं.

स्क्रू हा स्वतंत्र विषय आहे. जुन्या इंग्लिश बंदुकांच्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात आणि घरातला पाचरीसारखा स्क्रू-ड्रायव्हर त्यात घातला की कडा फाटतात. फाटलेली खाच म्हणजे हत्यार कोणीतरी चुकीच्या अवजारानं उघडल्याची कबुली. गरज नसेल तर उघडू नये, गरज असेल तर खाचेच्या मापाचं अवजार घासून घ्यावं. मुठीच्या पट्ट्या लाकडाच्या असतील तर त्यांना बंदुकीचं तेल लागू देऊ नये, लाकूड काळं पडून मऊ होतं. काळ्या कडक रबराच्या, म्हणजे व्हल्कनाइटच्या असतील तर त्यांना ऊन लागू देऊ नये, प्रकाशानं त्या तपकिरी पडतात. निकेलचा मुलामा असलेल्या रिव्हॉल्व्हरला अमोनिया असलेली नळी साफ करायची द्रावणं लावू नयेत. निकेलखाली बहुधा तांब्याचा थर असतो, तो अमोनियात विरघळतो आणि वरचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू पावसाळा. हवेतला ओलावा आणि समुद्राचं मीठ दोन्ही मिळून एका रात्रीत बोटांचे ठसे तांबडे करतात, कारण घामातही मीठच असतं. सुती किंवा नायट्राइलचे हातमोजे घालून हाताळावं, नंतर पुसावं. दीर्घकाळ ठेवायचं तर तेलापेक्षा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात बरा. ते वाळून चिकट होत नाही, धूळ धरत नाही, आणि हवं तेव्हा काढता येतं. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात घडलेलं असं मेण आज जगभरच्या संग्रहालयांत वापरलं जातं. कुलूपबंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा, आकडा पन्नास टक्क्यांच्या खाली राहिला तर चिंता नाही. पुड्या अधूनमधून गरम करून सुकवायच्या असतात, हे बहुतेक जण विसरतात.

आणि चामड्याच्या म्यानात रिव्हॉल्व्हर कधीही ठेवू नये, मग ते म्यान कितीही देखणं असो. कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं, ते ओलावा धरून ठेवतं आणि नळीवर म्यानाच्या शिवणीचा गंज उमटवतं. पितळी बटणांवर हिरवा थर येतो तोही त्यामुळेच. म्यान वेगळ्या, हवेशीर कापडी पिशवीत ठेवावं, पण फेकू नये किंवा दुसऱ्या हत्याराबरोबर विकू नये. लष्करी म्यानांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पुष्कळदा बनवणाऱ्याचं नाव आणि साल ठोकलेलं असतं. रिव्हॉल्व्हरवर १९१७ आणि म्यानावर १९१६ निघालं, तर ती जोडी कदाचित एकाच माणसाच्या कमरेला असेल, आणि त्याचं नाव शोधायला सुरुवात तिथून करता येते.